सोल्फसाहेबांचे संस्कृत आणि दुआलाच्या जमिनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डॉ. विल्हेल्म सोल्फ या जर्मन मुत्सद्द्यावर पानभर लेख आला. विषय काढल्याबद्दल आधी आभार मानतो. जर्मन वसाहतींबद्दल मराठीत एरवी चार ओळीही वाचायला मिळत नाहीत. पण लेखकाने शेवटी सोल्फ यांना बंदूक न चालवता राज्य करणारा सज्जन संस्कृत पंडित ठरवून टाकले आहे. त्यावर माझी हरकत आहे. महसूल खात्यात माझी उभी हयात गेली. समोर आलेली नोंद एका बाजूचे ऐकून मंजूर करायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

लेखात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. सोल्फ यांचे संस्कृत दिखाऊ नव्हते. १८६२ मध्ये बर्लिनला जन्मलेल्या या माणसाने हाले विद्यापीठात संस्कृतात डॉक्टरेट घेतली. प्रबंधाचा विषय होता बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'ची काश्मिरी पाठपरंपरा. राजकन्येवर प्रेम केले म्हणून वधस्तंभाकडे निघालेल्या कवीचे पन्नास श्लोक घेऊन पाठभेद जुळवत बसणारा हा तरुण पुढे एका बेटाचा गव्हर्नर होईल, असे तेव्हा त्याच्या गुरुजींनाही वाटले नसेल. १८८८ मध्ये त्यांनी किलहॉर्न यांच्या संस्कृत व्याकरणाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. किलहॉर्न म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणारे, पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती काढणारे प्राध्यापक. त्यांच्या जागेवर पुढे रा. गो. भांडारकर आले. पुण्यात घडलेले ते व्याकरण सोल्फ यांच्या हातून जर्मन विद्यार्थ्यांपर्यंत गेले, याचा आपल्याला अभिमान वाटला तर गैर काही नाही.

त्यानंतर ते परराष्ट्र खात्यात शिरले आणि १८८९ च्या सुमारास कलकत्त्याच्या जर्मन वाणिज्य दूतावासात रुजू झाले. पण नुसत्या संस्कृतावर बर्लिनच्या नोकरशाहीत वर चढता येत नव्हते, त्यासाठी कायद्याची पदवी लागत होती. सोल्फ यांनी नोकरी सोडली, येना येथे कायदा शिकले आणि १८९६ मध्ये नवी पदवी घेऊन परराष्ट्र खात्याच्या वसाहत विभागात परतले. १८९८ मध्ये दार-एस-सलामला न्यायाधीश आणि पुढच्याच वर्षी प्रशांत महासागरातली सामोआ बेटे, अशी त्यांची बदली झाली. डिसेंबर १८९९ मध्ये जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सामोआचा वाटा-हिस्सा केला. पश्चिमेकडची बेटे जर्मनीला, पूर्वेकडची अमेरिकेला, आणि ब्रिटनने इतरत्र मोबदला घेऊन अंग काढून घेतले. ज्यांची बेटे होती त्यांना कोणी विचारले नाही. १ मार्च १९०० रोजी मुलिनुऊ येथे जर्मन झेंडा चढला आणि सदतीस वर्षांचे सोल्फ पहिले गव्हर्नर झाले.

लेखकाच्या कौतुकाचा मोठा भाग इथून सुरू होतो. त्याच काळात इतर जर्मन वसाहतींत काय चालले होते ते पाहिले की कौतुक वाटणारच. १९०४ मध्ये नैऋत्य आफ्रिकेत जनरल फॉन ट्रोथाने हेरेरो लोकांना वाळवंटात हाकलून तहानेने मारले. १९०५ मध्ये पूर्व आफ्रिकेत माजी-माजीचा उठाव झाला, तो मोडताना उभी पिके आणि धान्याची कोठारे जाळली, आणि त्या उपासमारीत माणसे किड्यामुंगीसारखी मेली. सामोआत यातले काही घडले नाही, ही गोष्ट छोटी नाही. सोल्फ सामोअन भाषा शिकले, तिथल्या दरबारी रीतीभाती शिकले, आपले शिपाईबळ मुद्दाम अगदी थोडे ठेवले. सामोअन माणसाला मळ्यावर सक्तीने राबवा, असा धोशा रिचर्ड डीकेन आणि त्याच्यासारख्या जर्मन मळेवाल्यांनी लावला होता. सोल्फ यांनी त्यांना दाद दिली नाही. (मळ्यांवर मग १९०३ पासून चिनी कंत्राटी मजूर आणले गेले आणि त्यांना फटके मारण्याची मुभा होती, हे लेखात अर्ध्या वाक्यात उरकले आहे.) दर जमीनधारकाने वर्षाला पन्नास नारळ लावायचे, असा हुकूम त्यांनी काढला. १९०८ पर्यंत या वसाहतीला बर्लिनच्या अनुदानाची गरज उरली नाही.

पण "सोल्फ यांनी सामोअन जमिनी वाचवल्या" हे लेखातले वाक्य मी वाचले आणि पेन्सिल उचलली. ते श्रेय त्यांच्या आधीचे आहे. १८८९ च्या बर्लिन करारानेच परक्यांना जमीन विकण्यावर बंदी घातली होती. त्यानंतर नेमलेल्या जमीन आयोगापुढे गोऱ्या लोकांनी मिळून किती जमिनीवर हक्क सांगितला? बेटांच्या एकूण क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त! एकच डोंगर तिघांनी विकत घेतला होता, आणि विकणाऱ्याचा त्या डोंगराशी संबंध असेलच असे नव्हते. असले दावे मी पाहिले आहेत, म्हणून हसू आले. आयोगाने त्यातले जेमतेम आठ टक्के मंजूर केले. सोल्फ सामोआच्या राजधानीला, आपियाला, पोचले तेव्हा ही साफसफाई होऊन गेलेली होती.

सोल्फ यांचे स्वतःचे काम निराळे, आणि माझ्या मते जास्त हुशारीचे. १९०३ मध्ये त्यांनी जमीन आणि पदव्यांचा आयोग स्थापन केला. सामोआत कुटुंबाची जमीन एका माणसाच्या नावावर नसते. कुटुंबाचा प्रमुख म्हणजे मताई, आणि मताईची पदवी ज्याच्याकडे तो त्या जमिनीचा कारभारी. ही पदवी कोणाकडे जावी हे आजवर घराणी आणि गावाची सभा ठरवत आली होती. त्यासाठी भांडणे व्हायची, कधी लढायाही व्हायच्या. आता तो वाद जर्मन अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊ लागला. वरवर पाहिले तर किती सोय झाली! रक्तपात नाही, साक्षी होतात, दप्तर राहते. त्या आयोगाचा वारसा सांगणारे न्यायालय स्वतंत्र सामोआत आजही चालते, यावरून ते किती पक्के बसले ते कळते.

पण ज्याच्या दारात वारस नोंदीसाठी उभे राहावे लागते त्याच्याशी कोणी वाकडे घेत नाही. आपल्याकडे १८५२ च्या इनाम कमिशनने सनदा तपासायला मागितल्या तेव्हाच अर्ध्या सरदारांची मान खाली गेली होती. घराण्याचा मोठेपणा सरकारच्या कागदावर अवलंबून झाला की तोफ लागत नाही. सोल्फ यांना हे नेमके कळले होते. इतर गव्हर्नरांकडे बंदुका होत्या, त्यांच्याकडे वंशावळी होत्या. ज्या चिकाटीने त्यांनी काश्मिरी पोथ्यांचे पाठभेद तपासले त्याच चिकाटीने सामोअन घराण्यांची उतरंड समजून घेतली आणि मग ती एकेक पायरी उतरवली. राजा हे पद त्यांनी ठेवलेच नाही. सर्वोच्च राजा कैसर विल्हेल्म, तो बर्लिनला. त्याच्याखाली 'अलिई सिली', म्हणजे वरिष्ठ सरदार, या नावाने सामोअन पुढारी वृद्ध माताआफा इओसेफो. म्हाताऱ्याचा मान राखला, सत्ता काढून घेतली.

१९०४ चे प्रकरण तर लेखात आलेलेच नाही. वाळवलेले खोबरे हे सामोअन माणसाचे रोख उत्पन्नाचे एकमेव साधन. त्याचा भाव ठरवत जर्मन व्यापारी कोठ्या, त्यांत हॅम्बर्गची बडी कंपनी सगळ्यांत वरचढ. सामोअन सरदार आणि मिश्र वंशाचे काही व्यापारी यांनी ठरवले की वर्गणी काढून 'ओलोआ' नावाची आपलीच कंपनी उभारायची, खोबरे थेट बाहेर विकायचे आणि मधला दलाल काढून टाकायचा. आजच्या भाषेत सहकारी खरेदी-विक्री संघच म्हणा. यात राजद्रोह कुठे आहे? सोल्फ यांनी ती कंपनी चिरडली. १९०५ च्या सुरुवातीला ते परदेशी असताना काही सरदारांनी तुरुंग फोडून आपली अटकेतली माणसे सोडवली. परत आल्यावर सोल्फ यांनी निमित्त साधून सरदारांची जुनी सल्लागार सभाच बरखास्त केली आणि आपण नेमलेल्या प्रतिनिधींची नवी सभा बसवली. ज्याला सामोअन मनाची एवढी जाण होती, त्याला भावासाठी चाललेली धडपड कळली नसेल असे मी मानत नाही. कळली, आणि म्हणूनच चिरडली.

यातून लाउआकी नामुलाउउलु मामोए उभा राहिला. सवाइई बेटावरच्या साफोतुलाफाईचा हा वक्ता. सामोआत सरदार बोलत नाही, त्याच्या वतीने वक्ता बोलतो, आणि लाउआकीच्या तोडीचा वक्ता त्या काळात दुसरा नव्हता. सरदारांचे आणि वक्त्यांच्या जुन्या मंडळांचे अधिकार परत द्या, एवढे त्याचे म्हणणे. १९०८ च्या अखेरीस सोल्फ रजेवरून नवपरिणीत पत्नी योहाना यांच्यासह परतले तेव्हा चळवळ पेटत आली होती. सोल्फ त्याच्याशी बोलले, सामोअन रीतीप्रमाणे समेटाची भाषा केली, माणसे शांत झाली. आणि दुसरीकडे त्यांनी युद्धनौका मागवल्या. मार्च १९०९ मध्ये त्या आपियाच्या बंदरात आल्या. लाउआकी आणि त्याच्या सोबत्यांना बायकामुलांसह साइपान बेटावर पाठवले गेले. आपियापासून साइपान साडेपाच हजार किलोमीटरहून दूर. गोळी एकही झाडली गेली नाही, हे लेखकाचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

त्याच १९०९ मध्ये सोल्फ दांपत्याला मुलगी झाली आणि त्यांनी तिचे नाव सामोअन ठेवले: सोओआएमालेलागी, घरात लागी. लेखकाने हे स्थानिकांवरच्या प्रेमाचे उदाहरण म्हणून दिले आहे. प्रेम असेलही. पण तीनच वर्षांनी, जानेवारी १९१२ मध्ये, वसाहत मंत्री झालेल्या याच सोल्फ यांनी सामोआत गोरे आणि सामोअन यांच्या लग्नांना बंदी घातली. पुढे अशा जोडप्यांना होणारी मुले 'देशी' म्हणून धरली जाणार होती. मे महिन्यात राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, यावर वाद झाला. तुमच्या मुलांनी काळ्या सुना घरी आणलेल्या तुम्हाला चालतील का, अशा थाटात मंत्रिमहोदयांनी सभागृहाला विचारले. त्या राइशस्टागनेही उलट बाजूने, म्हणजे असे विवाह कायदेशीर ठरवावेत असा ठराव बहुमताने केला. तो सरकारने फायलीत घालून ठेवला. तेव्हा "त्या काळी सगळेच तसे होते" ही सबब इथे चालणार नाही. त्याच सभागृहात, त्याच दिवसांत, दुसरे मत असलेली माणसे बहुसंख्य होती.

आता माझ्या हरकतीचा मुख्य मुद्दा. लेख सामोआवरून सरळ १९१८ वर उडी मारतो. मधली सात वर्षे सोल्फ सगळ्या जर्मन वसाहतींचे मंत्री होते. त्यात पश्चिम आफ्रिकेतले कॅमेरून आले, आणि कॅमेरूनमध्ये दुआला हे बंदर व त्याच नावाचे लोक.

१२ जुलै १८८४ रोजी दुआलाच्या प्रमुखांनी जर्मन व्यापाऱ्यांशी करार केला. दोन दिवसांनी गुस्टाव नाख्टिगाल यांनी तिथे झेंडा लावला. हेही मुत्सद्दीच, आधी सहारा पालथा घातलेले डॉक्टर, मग ट्युनिसला वाणिज्यदूत. करारात एक कलम स्पष्ट होते: आम्ही आज कसतो ती जमीन आणि आमची गावे ज्यावर वसली आहेत ती जागा, आमची आणि आमच्या वारसांचीच राहील. याहून स्वच्छ कलम मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही. पण नदीकाठची ती जागा बंदराला आणि व्यापाराला सोन्यासारखी. १९१० पासून वसाहत सरकारने ठरवले की दुआला लोकांना काठावरून उठवून आत न्यायचे आणि त्यांच्या व गोऱ्या वस्तीच्या मध्ये मोकळा पट्टा ठेवायचा. कारण सांगितले आरोग्याचे: हिवताप, डास. सार्वजनिक प्रयोजन हा शब्द कुठल्याही देशात किती ताणता येतो, हे माझ्यासारख्याला सांगायला नको.

दुआलांचा प्रमुख रुडॉल्फ दुआला मांगा बेल हा जर्मनीत शिकलेला, उत्तम जर्मन बोलणारा. त्याने हातात कोयता घेतला नाही, करार घेतला. अर्ज केले, तारा केल्या, वकील पाहिला, राइशस्टागकडे दाद मागितली. आपला चिटणीस न्गोसो दिन याला गुपचूप जर्मनीला पाठवले. सरकारने मांगा बेलचे पद काढले, पगार बंद केला, आणि १९१३ च्या डिसेंबरात घरे रिकामी करायला सुरुवात केली. राइशस्टागमध्ये प्रश्न उठले तेव्हा या सगळ्याची बाजू घेऊन उभे राहिले ते मंत्री सोल्फ. मग मे १९१४ मध्ये मांगा बेलवर परक्या सत्तांशी संधान बांधल्याचा ठपका आला, अटक झाली, आणि जमिनीचा प्रश्न बाजूलाच पडला. महायुद्ध सुरू झाल्यावर एका दिवसात खटला उरकला. ८ ऑगस्ट १९१४ रोजी मांगा बेल आणि न्गोसो दिन या दोघांना दुआलात फाशी दिले.

फाशीच्या हुकमावर सोल्फ यांची सही होती, असे मी म्हणत नाही. तो हुकूम तिथल्या तिथे निघाला. पण १८८४ च्या कराराचे ते कलम त्यांच्या खात्याच्या दप्तरात होते, १९१३ मध्ये ते स्वतः कॅमेरूनला जाऊन आले होते, आणि संस्कृत पोथीतला एक काना इकडचा तिकडे झालेला ज्याला खपत नव्हता त्या माणसाने ते कलम वाचले नसेल हे शक्य नाही. सामोआतल्या गोड वागण्याचे मोल ठरवताना ही फाईल शेजारी ठेवावी लागेल. जिथे जर्मन मळेवाल्यांना फारशी जमीन मिळण्यासारखी नव्हती तिथे ते रयतेचे पालक झाले. जिथे बंदराची जागा हवी होती तिथे लेखी करारही आड आला नाही.

मी २०२३ च्या वसंतात मुलाकडे बर्लिनला होतो. वेडिंग भागात आफ्रिकन मोहल्ला म्हणून ओळखली जाणारी वस्ती आहे, रस्त्यांना वसाहतींची नावे. तिथल्या नाख्टिगाल चौकाचे नाव डिसेंबर २०२२ मध्ये बदलून मांगा बेल चौक झाले. खांबावर दोन्ही पाट्या होत्या, जुनीवर तांबडी रेघ मारलेली. फेरफार नोंदवताना आम्ही जुन्या नावाला कंस करायचो, तसेच. जुने नाव वाचता आले पाहिजे, हे मला पटले.

१९१८ नंतरचे सोल्फ मला अधिक आवडतात, हे कबूल करायला हरकत नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते परराष्ट्र मंत्री झाले आणि युद्ध थांबवण्यासाठी अध्यक्ष विल्सन यांना गेलेल्या पत्रांखाली त्यांची सही आहे. डिसेंबरात डाव्या मंत्र्यांशी खटका उडून बाहेर पडले. १९२० ते १९२८ ते टोकियोत राजदूत होते आणि तिथे त्यांची बुद्धी खरी कामी आली: युद्धात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन देशांत त्यांनी विद्येच्या वाटेने पुन्हा संबंध जोडले. १९२२ मध्ये आइन्स्टाइन जपानला आले तेव्हा ते टोकियोतच होते. १९२७ मध्ये तिथे जपानी-जर्मन संस्कृती संस्था उभी राहिली. राज्य करायचे नसते तेव्हा हा माणूस किती चांगला होता, असे वाटून जाते.

लेखकाने आणखी एक युक्तिवाद केला आहे: जर्मन गेल्यावर आलेल्या न्यूझीलंडच्या लष्करी अमलात ७ नोव्हेंबर १९१८ रोजी 'टालून' जहाजाने आपियात इन्फ्लुएन्झा आणला आणि पश्चिम सामोआतली पाचातली एकाहून जास्त माणसे मेली, तेव्हा सोल्फ परवडले. दुसऱ्या भाडेकरूने घर जाळले म्हणून पहिल्याचे थकलेले भाडे माफ होत नाही.

आणि शेवटी योहाना ऊर्फ हाना सोल्फ यांच्याबद्दल. नवऱ्याच्या निधनानंतर त्यांच्या घरी नाझीविरोधी मंडळी जमत. १० सप्टेंबर १९४३ रोजी एलिझाबेथ फॉन थाडेन यांच्याकडच्या चहापानात गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, हस्तक घुसला, पुढे सगळ्यांची धरपकड झाली. थाडेनबाई आणि मुत्सद्दी ओटो कीप यांना मृत्युदंड झाला. हानाबाई आणि लागी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत गेल्या. न्यायाधीश फ्राइस्लर फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मेला, सुनावणी लांबली, आणि या मायलेकी एप्रिलमध्ये सुटल्या. लेखकाने हे धैर्य सोल्फ यांच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून शेवटी जोडले आहे. सोल्फ नाझींच्या विरोधात होते हे खरेच, पण ते ६ फेब्रुवारी १९३६ रोजी वारले. चहापानाला ते नव्हते, छावणीतही नव्हते. बायकोची मिळकत नवऱ्याच्या खात्यावर चढवायची ही आपली जुनी खोड, ती निदान पुरवणीत तरी नको.

एक विनंती आहे. लेखासोबत सोल्फ यांचा पांढऱ्या पोशाखातला फोटो छापला होता. लाउआकीचाही एक फोटो उपलब्ध आहे, १९०९ चा, साइपानला नेणाऱ्या जर्मन युद्धनौकेच्या डेकवर काढलेला. सोबतचे सरदार रांगेत आहेत आणि लाउआकी वक्त्याची काठी घेऊन उभा आहे. तो घरी परतला नाही. १९१५ मध्ये हद्दपार केलेल्यांना परत जाऊ दिले तेव्हा वाटेत तारावा बेटावर वारला. या विषयावर पुन्हा काही छापाल तेव्हा तो फोटो छापावा, आणि सोल्फ यांच्या फोटोएवढ्याच आकारात.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
(नाव-पत्ता कार्यालयास कळवला आहे.)